घड्याळाचा नंबर नेमका कोणता?

मामांच्या ओमेगा सीमास्टरचं मूल्यांकनपत्र हातात आलं तेव्हा त्यावर शिक्का होता, सही होती, चारही बाजूंनी काढलेले फोटो होते आणि ‘सीरियल नंबर’ म्हणून १६६ ने सुरू होणारा आकडा होता. विमा कंपनीने ते परत पाठवलं. तो आकडा मॉडेलचा होता! त्या मॉडेलची सगळीच घड्याळं तोच आकडा मिरवतात. मूल्यांकन करणाऱ्याने झाकण उघडून जो नंबर आधी दिसला तो उतरवून घेतला होता. पैसे मात्र चोख घेतले.

मग आम्ही दादरला आमच्या जुन्या घड्याळजीकाकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि भिंग माझ्याच हातात दिलं. “बघ, कुठे काय लिहिलंय ते.” झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव आणि तो १६६ वाला आकडा. त्याच्या आजूबाजूला सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं. ती आधीच्या दुरुस्तीवाल्यांची खूण. कुणी तारीख कोरतं, कुणी पावतीचा नंबर. मशीनवर ५६५ असं होतं, तो मशीनच्या जातीचा, म्हणजे कॅलिबरचा नंबर. आणि मशीनवरच, दुसऱ्या जागी, २४ ने सुरू होणारे आठ आकडे. हा खरा सीरियल. त्यावरून घड्याळ १९६७ च्या आसपासचं ठरलं.

ही जागा प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे एका घड्याळाचं ज्ञान दुसऱ्याला लावू नका. जुन्या रोलेक्सचा नंबर केसवर, पण पट्ट्याखाली दडलेला असतो: सहाच्या बाजूला सीरियल, बाराच्या बाजूला मॉडेल. पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही, आणि तो घरी चाकूने काढायला गेलात तर ओरखडा ठरलेला. साधारण २००५ नंतर काचेच्या आतल्या कड्यावर, सहाच्या खाली, सीरियल येऊ लागला आणि पुढे पट्ट्याखालचा बंदच झाला. २०१० पासून तर हे नंबर क्रमाने दिलेले नसतात, तेव्हा ‘नंबरवरून साल सांगतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं फार मनावर घेऊ नका. पाटेक फिलिपमध्ये केसचा नंबर वेगळा आणि मशीनचा वेगळा, दोन्ही लिहून घ्यायला हवेत.

जुन्या घड्याळाला चकचकीत पॉलिश करून घेण्याची हौस असते, ती आवरा. सारखं घासल्याने केसवरचं कोरीव काम पुसट होतं, आणि पुसट नंबर म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका.

नंबर जुळला म्हणजे घड्याळ अस्सल, असंही नाही. नंबर फक्त ज्या भागावर कोरलाय त्या भागापुरतं बोलतो. २०२१ साली जिनिव्हात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये उघड झालं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेलं होतं. घेणारी खुद्द ओमेगाच, स्वतःच्या संग्रहालयासाठी! तिथे ही गत, तर आपल्याकडे मशीन एकाचं, केस दुसऱ्याची आणि डायल नव्याने रंगवलेली निघाली तर नवल काय? म्हणून कागदावर सीरियल, मॉडेल आणि कॅलिबर अशा तिन्ही ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या. प्रत्येक नंबरचा फोटो जवळून, तिरक्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला की कोरलेलं दिसतच नाही. आणि झाकण दुसरा कुणी उघडत असेल तर तिथून हलू नका.

विकायला काढताना मात्र जाहिरातीतल्या फोटोत शेवटचे तीन-चार आकडे झाका, कारण नकली माल करणाऱ्यांना खरा नंबर आयताच मिळतो. महागडं घड्याळ घालून परदेशी निघाला असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना ड्यूटीचा प्रश्न निघाला तर तो कागद पुढे करता येतो. त्यावरही सीरियलच उतरवलाय ना, ते काउंटरवरून हलण्याआधी वाचून बघा.