हॅरी सेल्डनचे गणित आणि एकटा माणूस

एक नाणे घ्या आणि वर फेका. छापा पडेल की काटा, हे कोणालाच सांगता येणार नाही. तेच नाणे १०० वेळा फेकले, तर छापे बहुधा ४० ते ६० यांच्या दरम्यान पडतील. आता ते १० लाख वेळा फेकले असे समजा. छाप्यांची संख्या बहुधा ४,९९,००० ते ५,०१,००० यांच्या बाहेर जाणार नाही. पहिल्या वेळी शेकडा १० चा फरक पडू शकत होता, तो आता शेकडा ०.१ वर आला. एकेका फेकीविषयीचे आपले अज्ञान मात्र होते तेवढेच राहिले!

वायूंचे नियम असेच मिळतात. खोलीतील एक घन सेंटिमीटर हवेत सुमारे २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. त्यांतला कोणता कोठे जाईल हे कळत नाही, पण सर्वांचा मिळून दाब किती, हे बिनचूक काढता येते.

अमेरिकन लेखक आयझॅक असिमोव्ह हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. रेणूंच्या जागी त्यांनी माणसे घातली. त्यांच्या 'फाउंडेशन' कथा १९४२ पासून मासिकात आल्या आणि १९५१ ते १९५३ मध्ये तीन पुस्तके झाली. त्यांतला गणिती हॅरी सेल्डन 'मनोइतिहास' हे शास्त्र रचतो आणि सांगतो, की दीर्घिकेचे साम्राज्य कोसळणारच. मात्र त्यानंतरचा ३०,००० वर्षांचा अंधार १,००० वर्षांवर आणता येईल. त्याच्या अटी दोन. लोकसंख्या प्रचंड हवी आणि लोकांना भाकीत ठाऊक नसावे.

दुसरी अट कशासाठी? रेणू भाकीत वाचत नाहीत, माणसे वाचतात. एखादी बँक बुडणार अशी नुसती आवई उठली, तरी ठेवीदार रांगा लावतात आणि धडधाकट बँकही बुडते. शिवाय एक नाणे दुसऱ्याकडे पाहून पडत नाही. माणसे एकमेकांकडे पाहूनच वागतात. माझ्या मते सेल्डनच्या गणिताची खरी अडचण येथे आहे.

मूळ कथेत सेनापती बेल रियोस फाउंडेशनवर चालून जातो. त्याला अडवण्यासाठी दोघेजण जिवावर उदार होऊन धडपडतात, आणि शेवटी कळते की धडपडीची गरजच नव्हती. सम्राट बलवान असला, की तो बलवान सेनापतीला फार काळ टिकू देत नाही. रियोसला परत बोलावले जाणारच होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये या कथांवर ॲपलची दूरचित्रमालिका सुरू झाली. तिच्या २०२३ च्या भागांत हाच रियोस येतो, पण येथे तो स्वतःच सम्राटाविरुद्ध उठतो. जे असिमोव्हने परिस्थितीवर सोपवले, ते मालिकेने एका माणसाच्या निर्णयावर सोपवले. सॅल्व्हर हार्डिनचेही तसेच. पुस्तकातला हा महापौर दुसरी वाट उरेपर्यंत हात लावत नाही. मालिकेतली सॅल्व्हर मात्र विलक्षण शक्ती असलेली तरुणी आहे.

याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. पुस्तक मधली पन्नास-साठ वर्षे खुशाल ओलांडून जाते आणि दर वेळी नवी पात्रे आणते. पडद्यावर प्रेक्षकांना ओळखीचे चेहरे लागतात. म्हणून मालिकेने एकाच सम्राटाच्या जैविक प्रतिकृती पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसवल्या. ही युक्ती मला आवडली: इतिहास थांबवण्यासाठी तोच माणूस पुन्हापुन्हा घडवायचा, तरी प्रत्येक प्रतिकृती थोडी वेगळी निघतेच. पण जेथे तेथे असामान्य व्यक्तीच संकट निवारू लागली, तर समूहाचे गणित उरते कोठे?

अर्थात पहिले छिद्र असिमोव्हनेच पाडले होते. १९४५ च्या कथेत त्यांनी 'म्यूल' आणला. दुसऱ्यांच्या भावना वळवणारा हा एकटा माणूस सेल्डनची सारी योजना उधळतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत आणखी निराळी वाट आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. कथेतल्या दुसऱ्या विश्वात तीच गोळी हुकते आणि मराठे जिंकतात. गोळी हुकली यात विश्वासरावांची इच्छा नाही, की समूहाचा नियम नाही. आहे तो केवळ थोडासा फरक. सेल्डनच्या समीकरणात तो कोठे मांडायचा, यावर वर्गात चर्चा करून पाहा.