जबड्याची करकर

पोरी, दवाखाना उघडते आहेस, तर जबड्याच्या सांध्याचं थोडं सांगून ठेवते. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारून थकलेली बाई तुझ्याकडे येईल. तोंडात आरसा घालण्याआधी तिच्या दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं टेकव आणि सावकाश आ करायला सांग. नुसता 'कट्' आवाज आला, तर बहुधा सांध्यातली चकती सरकून परत जागेवर बसते आहे. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर तिला धीर दे. केवळ आवाजावर उपचार करू नकोस. पण वाळूवर चप्पल घासल्यासारखी करकर बोटाला लागली, तर हाडाच्या झिजेची शंका घे.

आणखी एक विचार. आधीचा 'कट्' आता बंद झालाय का? पेशंट ते खुशीत सांगतो. त्याच सुमाराला तोंड कमी उघडायला लागलं असेल, तर चकती पुढेच अडकलेली असू शकते, आणि अशा सांध्यात हाडाचे बदल जास्त आढळतात. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का, ते त्यालाच करून बघायला सांग. आपल्याकडे इथे एक चकवा आहे, सुपारी आणि गुटख्याचा; त्यानेही तोंड कमी उघडतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे पेशंट येतातच. गाल आतून पांढुरका, ताठ लागला तर दोष सांध्याचा नाही. ते दुखणं वेगळं, कॅन्सरकडे झुकू शकणारं. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठव.

वय वाढलं की झीज वाढते, बायकांमध्ये अधिक. पण म्हणून तरुण मुलींना वाऱ्यावर सोडू नकोस. पुढचे दात हळूहळू एकमेकांना टेकेनासे झाले, हनुवटी मागे गेल्यासारखी दिसू लागली, तर सांध्याचं हाड विरघळत असू शकतं. तारा लावण्याआधी ते तपासून घे. हनुवटीखाली जुना व्रण दिसला तर लहानपणी कुठे आपटली होतीस का, म्हणून विचार. सकाळी हाताची बोटं आखडतात का, तेही विचार. आमवात जबड्यातही उतरतो. झोपेत दात खाण्याचं घरच्यांना विचार, कारण स्वतःला ते कळत नाही. पडलेल्या दाढांवर सगळं खापर फोडू नकोस, आणि चावा जुळवायच्या नावाखाली चांगले दात घासू तर मुळीच नकोस.

दुखणं आणि एक्स-रे यांचा मेळ बसतोच असं नाही. सांधा झिजलेला दिसतो आणि माणूस मजेत भाकरी चावत असतो, उलटही होतं. साध्या ओपीजी एक्स-रेत सुरुवातीची झीज सुटते, सीबीसीटी स्कॅनमध्ये नीट दिसते. पण उपचार बदलणार असतील तरच हा स्कॅन काढायला सांग.

बहुतेकांना साध्या गोष्टींनीच बरं वाटतं. ओठ मिटलेले, दात सुटे, ही सवय लाव. काही आठवडे ऊस, कडक चकली, च्युइंगम बंद. भाकरी आमटीत कुस्करून खायची. जांभई आली की हनुवटीला हाताचा आधार द्यायचा, गालाला कोमट शेक घ्यायचा. आणि दर खेपेला केसपेपरवर तोंड किती मिलिमीटर उघडलं, कोणत्या बाजूला कसला आवाज आला, ते तारखेसकट लिही.