घरात बिडी पेटते, तरी आपली सुटलेली राहू शकते



तंबाखू कशी सोडावी हे आपण पुष्कळदा ऐकतो. सोडल्यावर ती सुटलेली कशी ठेवावी, हे फार कमी वेळा ऐकायला मिळते. त्यातही एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आपण सोडली, पण जोडीदाराने सोडलेली नाही. रात्री जेवण झाले की त्याच एका खोलीत काडी ओढल्याचा आवाज येतो, किंवा तळहातावर तंबाखू मळल्याचा वास येतो. अशा वेळी काय करायचे, हा या महिन्याचा पाठ आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के आहेत. बाकी बहुतेक सगळी तंबाखू तोंडात जाते: चुन्याबरोबर, गुटख्यातून, किंवा मिश्री म्हणून दातांवर. पूर्णेच्या आपल्या वस्त्यांतही चित्र असेच दिसते. घरधनी बिडी ओढतो आणि घरधनीण मिश्री लावते. म्हणून हा पाठ दोघांसाठी आहे. नवऱ्याने बिडी सोडली आणि बायकोची मिश्री चालू आहे, त्या घरालाही यातले सगळे लागू पडते.

घरातच पाय का घसरतो?

बिडी असो, तंबाखू असो, मिश्री असो, तलफ एकाच विषाची असते. त्याचे नाव निकोटीन. धुराचा झुरका घेतला की काही सेकंदांत ते मेंदूत पोचते. मेंदू त्याला सरावतो आणि ते मिळाले नाही की चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, पोट साफ न होणे, सारखी भूक लागणे असे त्रास सुरू होतात. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो.

पण मेंदूला वास आठवतो, वेळ आठवते, आवाजही आठवतो. चहा झाला, जेवण झाले, कापूस वेचून बांधावर बसलो, की शरीर मागणी करते. सोडून सहा महिने झाले तरी समोर कोणी बंडल काढले की जीव ओढला जातो. यात तुमचे मन कमकुवत आहे असे मुळीच समजू नका. शरीराचा हा जुना धडा आहे आणि तो विसरायला वेळ लागतो.

प्रत्येक तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. जोडीदार समोर ओढत असेल, तर तो वेळ खोलीत बसून काढू नका. उठून बाहेर या.

दुसऱ्याचा धूर आपल्याही छातीत

“मी माझी ओढतो, तुला काय त्रास?” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्याचे उत्तर १९८१ साली जपानमधून आले. ताकेशी हिरायामा या शास्त्रज्ञाने स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती तपासली. ज्यांचे नवरे खूप सिगारेटी ओढत, त्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी लाखो न ओढणारी माणसे मरतात.

खिडकी उघडली किंवा पंखा लावला, तरी खोलीतला धूर निर्धोक होत नाही. लहान मुलांना त्याने खोकला, न्यूमोनिया, दमा आणि कानाचे दुखणे होते. गरोदर बाईजवळ कोणी ओढले तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. तिने स्वतः मिश्री लावली तरी हाच धोका असतो. बिडीला “पानाचीच तर आहे” म्हणून सौम्य समजू नये. ती विझू नये म्हणून जोराने आणि वारंवार ओढावी लागते, त्यामुळे विष छातीत भरपूर जाते.

जोडीदाराशी बोलावे कसे?

त्याला सोडायला लावणे हे आजचे काम नाही. आज आपल्याला आपली सुटलेली राखायची आहे. म्हणून भांडणात बोलू नका, तो पिऊन आला असेल तेव्हा बोलू नका. सकाळी, चहाच्या वेळी, थोडक्यात बोला. दोष देऊ नका, मागणे मांडा. उदाहरणार्थ:

“तुम्ही ओढता त्यावर मी काही म्हणत नाही. पण मी मिश्री सोडली आहे आणि मला ती सुटलेली ठेवायची आहे. त्यात मला तुमची मदत पाहिजे.”

मग घरचा करार ठरवा. त्यात पाच गोष्टी असाव्यात:

१. घरात ओढायचे नाही, उंबऱ्यातही नाही. बाहेर, दारापासून लांब.

२. बंडल, काडेपेटी, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी घरात उघड्यावर राहणार नाही. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात.

३. “घे चिमूटभर, एवढ्यानं काय होतंय” असे कोणी कोणाला म्हणणार नाही.

४. टपरीवरून आणायला मला पाठवायचे नाही, लेकरांना तर मुळीच नाही. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, आणि त्याला ती देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

५. ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, सदरा बदलून मगच बाळाला घ्यायचे.

पाचही गोष्टी पहिल्याच दिवशी मान्य होतील असे नाही. पहिल्या दोन मिळाल्या तरी अर्धी लढाई जिंकली. मागणे मांडल्यावर मारहाण होत असेल, तर तो तंबाखूचा प्रश्न राहिला नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि गटातल्या बायकांना सांगा. एकटीने सोसू नका.

आपला कल्याणमित्र कोण?

कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद एकदा म्हणाले. तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले: अर्धा नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. व्यसन सुटलेले ठेवण्यात हे अक्षरशः खरे ठरते. घरात साथ मिळत नसेल, तर ती घराबाहेर उभी करावी लागते.

आपल्याकडे त्यासाठी नवे काही बांधायला नको. विहार आहे, महिला मंडळ आहे, बचत गट आहे. रविवारच्या वंदनेनंतर पाच-सात जणींनी अर्धा तास थांबावे. प्रत्येकीने तीनच गोष्टी सांगाव्यात: किती दिवस झाले, या आठवड्यात सर्वांत अवघड वेळ कोणती होती, आणि तेव्हा मी काय केले. पुरुषांनी आपला वेगळा गट करावा. रेल्वेत, हमालीत, शेतात बरोबर काम करणारे असतील तर फारच चांगले, कारण तलफ कामाच्या जागीही येतेच.

गटाचे नियम थोडेच असावेत. इथले बोलणे बाहेर जाणार नाही. कोणाच्या नवऱ्याची निंदा करायची नाही. जी घसरली तिला बोलण्याचा पहिला मान, कारण तिलाच गटाची गरज जास्त आहे. आणि प्रत्येकीकडे दोघींचे फोन नंबर हवेत, म्हणजे रात्री नऊ वाजता घरात बिडी पेटली तर “माझी पाच मिनिटं काढ” असे सांगता येईल. फोन नसेल तर शेजारच्या ताईचे दार वाजवा.

त्या पाच मिनिटांत चार कामे करा. थांबा, म्हणजे “आत्ता नाही, दहा मिनिटांनी बघू” असे स्वतःला सांगा. घोट घोट पाणी प्या. आनापानात करतो तसे श्वासाकडे लक्ष देऊन दहा दीर्घ श्वास घ्या. मग हाताला दुसरे काम द्या. तोंडात बडीशेप, लवंग किंवा ओवा चालेल. सुपारी नको, कारण तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखू कमी करण्याचे काम चालले आहे. ‘सर्च’ संस्था, टाटा ट्रस्ट आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून ते सुरू केले. तिथे गावोगावी लोकांचे गट उभे राहिले, त्यांत बायका पुढे आहेत. एकट्या माणसाला जे जड जाते, ते गावाने मिळून उचलले तर पेलते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

एखादा झुरका गेलाच तर?

एकदा घसरणे म्हणजे सगळे संपले असे नव्हे. “आता गेलंच तर चालू देऊ” हा विचार त्या एका झुरक्यापेक्षा घातक आहे. चूळ भरा, त्याच दिवशी कल्याणमित्राला सांगा, आणि कोणत्या वेळी, कोणाबरोबर घसरले ते ध्यानात ठेवा. पुढच्या वेळी त्या जागी बसू नका.

तलफ फारच जड जात असेल तर औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनचे च्युइंगगम मिळते, पण ते कसे आणि किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांकडून समजून घ्या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यातही विचारा.

दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे मावतील एवढेही तोंड न उघडणे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, यांपैकी काही दिसले तर ताबडतोब तपासून घ्या. जोडीदाराच्या तोंडाकडेही लक्ष ठेवा.

आपले सोडणे वाया जात नाही

अमेरिकेत १२ हजारांहून अधिक माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची माहिती अभ्यासली गेली. नवरा-बायकोपैकी एकाने सिगारेट सोडली, तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली, असे त्यात दिसले. म्हणजे रोज बोलून जे होत नाही, ते आपल्या न घेण्याने हळूहळू होऊ शकते. जोडीदाराला वेळ द्या. त्याने एक दिवस जरी ओढली नाही, तरी त्याला चांगले म्हणा.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज घेतो. ते घेताना शेजारचा पाळतो की नाही, याची आपण वाट बघत नाही. तंबाखूचेही तसेच आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर दोघी-तिघींनी थांबा. एवढ्यावर गट सुरू होतो.

नमो बुद्धाय. जयभीम.