एका वेळी एकच स्क्रू

माळ्यावरचा माझा एन नाइन हंड्रेड हुडकलास, चालूही केलास, आणि आता त्याचा प्रोसेसर पळवायचा म्हणतोस. पळव. मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? मीही रात्री जागून हेच केलंय. फक्त बस जरा आणि ऐक.

नोकियाचा हा फोन 2009 च्या अखेरीस आला. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप 3430 चिप, वेग 600 मेगाहर्ट्झ, रॅम 256 एमबी. फोन रडतोय म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय असं समजू नको. रॅम भरली की हा बिचारा साठवणीतल्या 768 एमबी स्वॅपकडे धावतो, आणि ती जागा रॅमच्या मानानं फार मंद. पातेलंच लहान असेल तर जाळ वाढवून भात जास्त शिजत नाही. टर्मिनल उघड, ‘टॉप’ चालव आणि फोन अडखळतो त्या क्षणी प्रोसेसरचा आकडा बघ. शंभराला टेकला असेल तरच पुढे जा.

मग बॅटरी. ती काढून गुळगुळीत टेबलावर ठेव आणि बोटानं फिरव. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर ती पोटाला फुगलीय. तिच्यावर हे प्रयोग करायचे नाहीत, चार्जही करायची नाही. टोचून बघू नको आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नको, ई-कचऱ्यात दे. नवी घाल.

मी ज्यांच्याकडे रेडिओ दुरुस्ती शिकलो ते उस्ताद म्हणायचे, एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, आणि फिरवण्याआधी तो कुठे होता ते लिहून ठेवायचं. रेडिओतल्या आयएफ कॉइलसाठी सांगितलेलं ते मला इथे कामाला आलं. वही घे. कर्नल-पॉवर हा कर्नल टाकलास की 600 च्या वरच्या पायऱ्या दिसतील. थेट 900 वर उडी मारू नको. एक पायरी चढ, तारीख, वेग, व्होल्टेज लिही, दिवसभर वापर, मग पुढची.

आणि वेग वाढवताना त्याच बैठकीत व्होल्टेजला हात लावायचा नाही. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 600 चे 900 केलेस तर दीडपट. त्याबरोबर समजा 1.2 व्होल्टचे 1.35 केलेस, तर आणखी सव्वापट, म्हणजे एकूण जवळजवळ दुप्पट. ती सगळी उष्णता जाणार कुठे? इथे पंखा नाही. शिवाय या फोनात रॅम प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली आहे, म्हणजे खालचा तापला की वरचीही तापते. तपासताना कव्हर काढ आणि चार्जर लावू नको. चार्जिंगची उष्णता वेगळी असते, दोन्ही एकत्र झाल्या तर बॅटरीचं आयुष्य जातं. जानेवारीत टिकला म्हणून खूश होऊ नको, नागपूरच्या मे महिन्यात तोच वेग पुन्हा तपास.

कंपनीनं ठरवलेला आकडा म्हणजे चिपची शेवटची मर्यादा असतेच असं नाही. सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेमयंत्राची चिप 333 मेगाहर्ट्झवर धावू शकायची, पण खेळांना 222 पर्यंतच मुभा होती. 2007 मध्ये ते कुलूप निघालं. पण तिथे कुलूप कंपनीनं उघडलं होतं. तुझ्या हातातल्या चिपला किती झेपतं ते कुणीच लिहून दिलेलं नाही. एकाच मॉडेलचे दोन फोन सारखे निघत नाहीत. मित्राचा 950 वर चालतो हे तुझ्या फोनला ठाऊक नसतं.

आता खरी मेख. फोन बंद पडला तर बरं, कळतं तरी. न पडता चुकीचं गणित करायला लागला तर फाइली गुपचूप सडतात. म्हणून चाचणी अशी कर: शंभरेक एमबीची एक फाइल घे, तिचा एमडी-फाइव्ह आकडा मूळ वेगावर काढून वहीत लिही. मग वाढवलेल्या वेगावर तोच आकडा दोनशे वेळा काढायला लाव. एकदा जरी वेगळा आला तरी ती पायरी सोड आणि एक खाली ये. आणि हे सगळं सुरू करण्याआधी फोटो, नंबर संगणकावर उतरवून घे.

माझी चूक सांगतो. टर्मिनलमधून घातलेला वेग फोन बंद-चालू केला की पुसला जातो. मला वाटलं, ही काय कटकट, आणि पहिल्याच संध्याकाळी मी वाढवलेला वेग कायमचा करून ठेवला. फोन चालू व्हायचा, ठिपके नाचायचे, पुन्हा बंद. रात्रभर तेच. शेवटी संगणकाला जोडून सगळी प्रणाली नव्यानं भरावी लागली. कटकट वाटली ती खरं तर सुटकेची वाट होती. वेग आठवडाभर टिकेपर्यंत तो कायम करायचा नाही. अँड्रॉइडवर सेटसीपीयू या ॲपमध्ये बूट होताना वेग लावायची खूण असायची, तिथेही हेच.

वेगाची खालची मर्यादा मात्र आहे तिथेच राहू दे. खिशात पडलेल्या फोननं धावत राहायचं कारण नाही.

तुझा रोजचा फोन? त्याला हात लावू नको. बूटलोडर उघडलास की वॉरंटीवर पाणी पडू शकतं, बँकेची ॲपं रुसतात, आणि तापला की तो आपणच वेग उतरवतो, म्हणजे खटाटोप करून मिळालेलं दहा मिनिटांत परत.

माझा हा फोन 805 वर वर्षभर चालला. 850 वर उन्हाळ्यात आकडा चुकायचा. माझी वही फोनच्या खोक्यात असेल बघ, चार्जरच्या खाली.