पायांना काम द्या

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत मी 34 वर्षं नोकरी केली. पहिली पंधरा वर्षं सायकलने गेलो, पुढची स्कूटरने. शुगर निघाली ती स्कूटरच्या काळात. निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली, आता सगळीकडे पायी जातो. त्यातून जे कळलं ते लिहितो.

1. फिरायला जाणं वेगळं आणि पायी जाणं वेगळं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मी स्कूटर काढून भंवरतालच्या बागेत जायचो, चार फेऱ्या मारायचो आणि स्कूटरनेच घरी यायचो. पाऊस, पाहुणे, लग्नकार्य, महिन्यातले दहा दिवस बुडायचेच. शेवटी हिने स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि हातात पिशवी दिली. दूध, भाजी, बँक, गुरुवारी गोलबाजारचं दत्तमंदिर, सगळं पायी. कामं चुकत नाहीत, म्हणून चालणंही चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. माझी 150 मिनिटं या खेपांतच भरतात.

2. बसून राहणं अंगावर येतं. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा जेरी मॉरिस या डॉक्टरांनी अभ्यास केला. तो 1953 साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. हे वाचलं आणि मला आमचं फॅक्टरीचं गेट आठवलं. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, हँडलला डबे लटकलेले. तेव्हा आमच्यापैकी कुणी व्यायाम म्हणून काही करत नव्हतं, तो येण्याजाण्यातच होत होता.

3. वयाची सबब सांगू नये. आमच्याच शहरातले चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली नर्मदेकाठी पायी निघाले, तेव्हा पन्नाशीला आले होते. आपल्याला तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायचंय.

4. पाय तयार असले तरी वाट हवी. हे मला सगळ्यात जास्त बोचतं. बँकेच्या वाटेवर शेजारच्या काकू नेहमी फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालतात. मी टोकलं, तर म्हणाल्या, "अहो भाऊ, वर पाय तरी पोचायला हवा ना!" दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. फुटपाथची कड रस्त्यापासून 31 सेंटिमीटर उंच. घरी येऊन जिन्याची पायरी मोजली, ती 17. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की ही उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. आमच्याकडे रुंदी होती, पण मधोमध विजेचा डबा आणि पुढे तीन मोटरसायकली. गुडघे दुखणाऱ्या बाईने जायचं कुठून?

म्हणून काकू गाड्यांमधून चालतात. 2022 साली देशात 32,825 पादचारी रस्त्यांवर मेले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धड फुटपाथ असणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षी आमच्याकडे मदनमहाल ते दमोहनाका हा लांबलचक उड्डाणपूल सुरू झाला. गाड्यांची सोय झाली, चांगलं झालं. तेवढ्याच तळमळीने खालून रस्ता ओलांडणाऱ्याचाही विचार व्हायला हवा. फुटपाथला उतार करायला कोट्यवधी लागत नाहीत.

5. नवतप्याच्या कडक उन्हात दुपारी बाहेर पडू नये. सकाळी आठच्या आत कामं उरकावीत. शुगरवाल्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी, अनवाणी चालू नये आणि रात्री तळपाय बघून झोपावं.

आमच्या गल्लीतल्या अकरा जणांनी सह्या करून नगरसेवकांना पत्र दिलं आहे. त्यात तक्रार कमी आणि मापं जास्त आहेत: कुठली कड किती सेंटिमीटर, कुठे डबा, कुठे उतार हवा. काकूंची सही पहिली आहे. तुम्हीही उद्या भाजीला पायी जा, जाताना टेप घ्या, आणि मोजलेलं लिहून द्या.