अंगकाठी किरकोळ, तरी मधुमेह कसा?

प्रश्न : वडील चाळिशीतले, अंगाने किरकोळ, दिवसभर कांद्याच्या वाफ्यात. तरी साखर निघाली. मग 'जाडीने मधुमेह होतो' हे खोटं का?
– एक वाचक, डिंगोरे (ता. जुन्नर)

उत्तर : खोटं नाही, अपुरं आहे. मधुमेहाचे उपप्रकार असतात. कुणाचं इन्सुलिनच कमी पडतं, कुणाचं इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. जाडीचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी. सगळे रुग्ण एकत्र मोजले, तर वेगवेगळ्या कारणांची नुसती सरासरी हाती येते. म्हणून संशोधक प्रत्येक उपप्रकाराची निरोगी लोकांशी स्वतंत्र तुलना करतात. वय, घरची परिस्थिती यांचा प्रभाव वेगळा काढतात.

यात एक मेख आहे. साखर खूप वाढली की वजन घटू शकतं. निदानानंतरचं वजन धरलं, तर परिणामच कारण ठरतो. त्यासाठी आजाराआधीच्या नोंदी हव्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत, गर्भारपणाच्याही आधीपासून अशा नोंदी ठेवल्या. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण वजनाच्या मानाने चरबी टिकवून असलेली. म्हणजे अंग किरकोळ दिसलं, तरी आत चरबी असू शकते.

वडिलांची सी-पेप्टाइड तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. शरीरात इन्सुलिन किती तयार होतं, याचा अंदाज त्यातून येतो. गोळ्या मनाने बंद करू नका.