चोकेकिराओच्या वाटेवरील अर्धा करार

माचू पिचूची गर्दी टाळून इंका लोकांचे एखादे निवांत नगर ज्यांना पाहावयाचे आहे, त्यांनी पेरू देशातील चोकेकिराओस अवश्य जावे; परंतु कुस्कोतील ज्या दलालाने माझी फसवणूक केली त्याच्यासारख्याच्या भरवशावर जाऊ नये, हे बजावण्यासाठीच ही कैफियत. पावती माझ्यापाशी अजून आहे. तीत ‘चोकेकिराओपर्यंत व परत’ असे स्वच्छ शब्द आहेत, आणि खेचरे शेवटपर्यंत येतील ना, हे बयाणा देण्यापूर्वी मी सहप्रवाशांसमक्ष विचारून घेतले होते.

सह्याद्रीतील गडांवर आधी चढ आणि मग उतार. येथे सुमारे २,९०० मीटर उंचीवरील कापुलियोकपासून सुमारे १,५०० मीटरवर वाहणाऱ्या आपुरिमाक नदीपर्यंत उतरावयाचे, आणि पूल ओलांडून समोरच्या उभ्या कड्यावर जवळजवळ तितकेच पुन्हा चढावयाचे. अशा ठिकाणी नदीकाठी सामान उतरवून ठेवणे म्हणजे माणसाला विहिरीत उतरवून दोर कापणेच होय.

प्लाया रोसालिनाच्या तळावर नेमके तेच घडले. खेचरवाल्या आरिएरोचा मला राग आला नाही. त्या बिचाऱ्याच्या हातातील चिठ्ठीत पुलापर्यंतचीच मजुरी लिहिलेली होती. संताप आला तो दलालाने सोबत दिलेल्या वाटाड्याचा. मी वळून पाहिले, तर हा गृहस्थ नदीकडे तोंड करून बुटाचे बंद बांधीत होता, आणि बांधून झालेले बंद सोडून त्याने पुन्हा बांधावयास घेतले. त्या क्षणी मला उमगले की ही तजवीज कुस्कोतच झालेली होती आणि निघाल्यापासून ती त्याला ठाऊक होती. पुढची रक्कम रोख मोजा, म्हणजे जनावरे हलतील, असे सांगून, या वाटेवर असे होतच असते, अशी मखलाशीही त्याने वर केली.

त्या घासाघिशीत पहाटेचा गारवा गेला, आणि पलीकडच्या कड्यावरील मारांपाताची नागमोडी चढण आम्हांस भर उन्हात चढावी लागली. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम १९०९ साली येथे येऊन गेला, तरी काळसर बांधांत पांढऱ्या दगडांनी जडविलेल्या लामांच्या आकृती या शतकाच्या आरंभापर्यंत झाडीखाली दडलेल्याच होत्या. मी आलो होतो त्यांच्यासाठी, आणि त्या मला धावतपळत पाहाव्या लागल्या. त्या मुख्य चौकाच्या बऱ्याच खाली, तीव्र उतारावर आहेत; त्यांच्यासाठी एक सबंध दिवस राखावा.

खेचरे वाटेच्या आरंभीच्या काचोरा गावात स्वतः ठरवावीत, कागदावर दोन्ही टोकांची नावे लिहून घ्यावीत, आणि निम्मी मजुरी परतल्यावरच द्यावी. सोल या पेरूच्या चलनातील रोकड पुरेशी जवळ बाळगावी. नदीकाठच्या चावऱ्या माश्यांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा हवा; पलीकडची चढण उजाडण्यापूर्वीच धरावी. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ बरा. पाणी भरपूर प्यावे, प्रकृतीस जपावे.

कुस्कोस परतल्यावर मी त्या दलालाच्या कचेरीत पावती पुढे ठेवली. तेथील कारकुनाने ती वाचली, घडी घालून परत दिली, आणि मालक बाहेरगावी असल्याचे सांगितले. माझ्या लेखी तक्रारीस अद्याप उत्तर नाही.